ठण्ण की भद्द

काँक्रीट जगात कुणालाही फसवू शकतं, मला नाही. हे मी ऐट म्हणून सांगत नाही, आमच्या खात्यात कुणालाही विचारा. छोट्या हातोडीचा एक ठोका मारायचा, उजवा कान जवळ न्यायचा, की पूल आपणहून बोलायला लागतो. ठण्ण वाजलं तर आतून भरीव. भद्द वाजलं तर आत पापुद्रा सुटलाय, गज गंजलाय, पोकळी झालीय. तिथे खडूने गोल काढायचा आणि पुढे सरकायचं. मधे मशिनं आली, मशिनांचे पडदे आले, पडद्यांवर रंगीत डाग आले, आणि त्या डागांचा अर्थ लावायला शेवटी मलाच बोलावलं. खात्यात मला सगळे डॉक्टर म्हणतात. माझ्या या एका कानावर विसंबून किती बसगाड्या किती ओढ्यांवरून गेल्या असतील, देव जाणे. आणि त्या दिवशी सकाळी, माझ्याच घरात, माझ्याच बाथरूमच्या दारावर माझं अख्खं कुटुंब मुठी आपटत होतं आणि मला ते ऐकू आलं नाही.

मी दाढी करत होतो. नळ डावीकडे वाहत होता, दार उजवीकडे. आधी म्हणे बायकोने हाक मारली. मग टकटक केलं. मग मुलीने दोन लाथा घातल्या. मग, माझ्या वयाच्या माणसाच्या बायकोच्या मनात बंद बाथरूमसमोर जे जे येतं ते सगळं बायकोच्या मनात येऊन गेलं आणि तिने सासरेबुवांना उठवलं. सासरेबुवा तरुणपणी फुटबॉलचे गोलकीपर होते. त्यांच्या अंगावरून किती गोल गेले याचा हिशोब त्यांच्या टीमने प्रेमापोटी ठेवलेला नाही. दारावर मात्र त्यांनी अशी उडी घेतली की कडी, चौकटीचा तुकडा आणि सासरेबुवा तिघंही एकदमच आत आले. कडी बेसिनमध्ये पडली, सासरेबुवा बादलीत बसले. मी आरशात बघितलं तर समोर माझं फेसाळलेलं तोंड आणि मागे बादलीत सासरा. “जिवंत आहे गं!” ते बादलीतूनच ओरडले, जरा निराश झाल्यासारखे. “अहो, ऐकू येत नाही का तुम्हाला?” बायको दारात, म्हणजे दार होतं तिथे, उभी राहून थरथरत होती. मी म्हटलं, “विचारात होतो.” “कसल्या एवढ्या?” “पुलाच्या.” “बाबा, आम्ही तुम्हाला मारून मोकळे झालो होतो,” मुलगी म्हणाली. सासरेबुवांना बादलीतून उपसून तिघंही बाहेर गेली, “जावईबापू, दाराचे पैसे मी देणार नाही,” एवढं सासरेबुवा जाताजाता बोलले, आणि मी एकटा उरलो. हातातल्या रेझरच्या दांड्याने बेसिनच्या काठावर हळूच वाजवलं. उजवा कान जवळ नेला. भद्द. भिंतीच्या फरशीवर वाजवलं. भद्द. आरशावर, नळावर, साबणाच्या डबीवर. भद्द, भद्द, भद्द. मग मान वळवली, डावा कान नेला. ठण्ण. बेसिन ठण्ण, फरशी ठण्ण, साबणाची प्लॅस्टिकची डबीसुद्धा ठण्ण. माझ्या घरातली एकूण एक वस्तू उजवीकडून पोकळ होती आणि डावीकडून भरीव.

आणि त्याच दिवशी दुपारपर्यंत मला ओढ्यावरच्या पुलाचा निकाल द्यायचा होता. काँक्रीट नवीन होतं, लोक त्याच्याकडे संशयाने बघायचे, त्या काळातला हा पूल. एकच लांबलचक कमान, या काठावरून उडी मारून त्या काठावर टेकलेली, खाली ओढा, बाजूला शेतं, दुसरं काही नाही. पलीकडे गाव. पूल गेला तर गावाला डोंगराला वळसा घालून शहरात यावं लागणार. खात्यातल्या काही लोकांचं म्हणणं पूल म्हातारा झालाय, पाडा. काहींचं म्हणणं तो जुना आहे, इतिहास आहे, राखा. मोठे साहेब या दोन्ही म्हणण्यांना मान हलवायचे आणि म्हणायचे, “डॉक्टर वाजवून बघतील.” सुरुंगवाले येऊन बसले होते. मी पोकळ म्हटलं की दुसऱ्या दिवशी सकाळी पूल ओढ्यात. मी भरीव म्हटलं आणि तो नसला, तर कुठल्या तरी सकाळी पूल ओढ्यातच, पण वर माणसं.

जीप माझी ज्युनिअर चालवत होती. मी तिच्या डावीकडे, म्हणजे ती माझ्या उजवीकडे. अख्खा रस्ता तिचे ओठ हलताना मला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसत होते आणि मी “हं, हं, चालेल” म्हणत होतो. मनात एकच चाललं होतं, कधी गेला हा कान? आज सकाळी तर नाही गेला. कान काही दिव्यासारखा विझत नाही. महिन्याभरापूर्वी फोन उजव्या कानाला लावल्यावर समोरचा माणूस विहिरीतून बोलतो असं वाटायला लागलं होतं, तर मी फोन बदलला. दुकानदाराने जुना फोन लावून बघितला आणि म्हणाला, चांगला आहे की. मी त्याला मूर्ख ठरवून बाहेर पडलो. त्याआधी बायको रात्री झोपताना काही बोलायची आणि मी उत्तर द्यायचो नाही, तर ती पलंगाची बाजू बदलून डावीकडे झोपायला लागली. मला वाटलं पंख्याचा वारा लागत असेल. मग गेल्या महिन्याभरात जे तीन पूल वाजवले त्यांचं काय? त्यांच्यावर मी काढलेले गोल आठवायला लागलो. जास्तच होते. त्या वेळी मनाशी म्हटलं होतं, हल्ली काम वाईट करतात लोक.

लहानपणापासून मला वाजवायची खोड. टेबल, दारं, भांडी, पाव. लग्न ठरवायला सासरी गेलो तेव्हा बोलता बोलता त्यांची भिंत वाजवली आणि म्हटलं, इथे आत काही तरी बुजवलंय. सासरेबुवा पांढरेफटक पडले. तिथे खिडकी होती, शेजाऱ्याशी भांडण झाल्यावर त्यांनी ती रातोरात बुजवली होती. मुलगी झाली तेव्हा तिची पाठही वाजवून बघितली, तर बायको म्हणाली, “अहो, तिला तरी सोडा.” माझे पहिले साहेब मला शिकवताना आधी पुलाला ठोका मारायचे, मग माझ्या डोक्याला, आणि विचारायचे, “फरक कळला?” ते सगळं या एका उजव्या कानात साठलेलं. डाव्याला मी कधी काही शिकवलंच नाही. तो आपला घरगुती कान. भाजी आणा, लाइट बंद करा, इतपत ऐकण्यावर वाढलेला. त्याला ठण्ण आणि भद्दमधला फरक काय कळणार? तो भला आहे. त्याला सगळंच चांगलं वाजतं.

पुलाशी पोचलो तर मोठे साहेब छत्रीखाली खुर्ची टाकून बसलेले, शेजारी सुरुंगवाले सिगारेटी ओढत. आणि पुलाच्या तोंडाशी दुधाचे कॅन घेऊन एक बाई उभी. ही पलीकडच्या गावची दूधवाली, रोज पूल ओलांडणारी. आदल्या वेळी पाहणीला आलो तेव्हाही ती भेटली होती, पुलाला म्हातारा म्हणते. मी जीपमधून उतरलो, हातोडी घेतली आणि सरळ चालायला लागलो. ती माझ्या उजव्या बाजूने आली. तिने काही विचारलं असणार. मी चालत राहिलो. तिने परत विचारलं असणार. मी ढगांकडे बघितलं. कुठल्याही दवाखान्यात डॉक्टर असा न बोलता, आभाळाकडे बघत पुढे गेला की नातेवाइकांनी जे समजायचं तेच ती समजली. मी मागे वळलो तर बाई कॅनवर बसून रडत होती आणि पलीकडच्या काठावरून माणसं धावत येत होती. “काय झालं?” मी ज्युनिअरला विचारलं, या वेळी डावा कान तिच्याकडे करून. “सर, त्या विचारत होत्या, म्हातारा वाचेल का. त्यांची सून भरल्या दिवसांची आहे, दवाखाना या काठावर आहे. तुम्ही उत्तरच दिलं नाहीत.” मी बाईकडे गेलो, म्हटलं, “अहो बाई, अजून मी बघितलंसुद्धा नाही.” “मग आत्ता तोंड का पाडलं होतं?” ती म्हणाली. “माझं तोंडच असं आहे.” “तेच तर,” ती पदराने नाक पुसत म्हणाली, “आमच्या सासऱ्यांच्या वेळी पण तो डॉक्टर असंच म्हणाला होता.” साहेब छत्रीखालून ओरडले, “डॉक्टर, जमाव नको. हो की नाही, एका शब्दात सांगा, मला जेवायला परत जायचंय.”

कमानीखाली लोखंडी पाइपांची परांची उभी केली होती. शिडीने वर चढलो, तर पुलाचं पोट हाताशी आलं. त्या काळी काँक्रीट ज्या लाकडी फळ्यांवर ओतलं त्यांच्या रेघा अजून जशाच्या तशा होत्या, फळ्यांमधल्या गाठीसुद्धा. कुठलं झाड, कुठल्या सुताराने कापलं, सगळं मेलं असेल, गाठ राहिली. खाली ओढ्याचं पाणी दगडावरून जात होतं आणि माझ्या डाव्या कानात फक्त तेच भरलं होतं. पहिला ठोका मारला. उजवा कान. भद्द. खडूने गोल. डावा कान. ठण्ण. गोल पुसला. दोन पावलं सरकलो. भद्द, गोल. ठण्ण, पुसला. हळूहळू पुलाच्या पोटावर खडूचा पांढरा ढग झाला. ज्युनिअर खडूचा डबा धरून माझ्याकडे बघत होती. घाम मानेवरून पाठीत उतरत होता. एका कानाने पूल मेलेला, दुसऱ्या कानाने ठणठणीत, आणि मधे मी. एका माणसाच्या डोक्यात दोन तज्ज्ञ बसलेत, दोघंही खात्याचे आणि दोघांपैकी एक नक्की चुकतोय. वरून एक सायकल गेली. तिची थरथर मला पायांत जाणवली, कानांत नाही. वाटलं, आत्ता या क्षणी कमानीला तडा गेला तर तोही मला एकाच बाजूने ऐकू येईल.

मग एकदम सुचलं. आज तिने ऐकावं. इतकी वर्षं माझ्या बरोबर फिरतेय, तिचे कान तरुण आहेत, दोन्ही चालू आहेत. मी हातोडी तिच्या हातात दिली. “आज तू वाजव. मी फक्त बघतो.” ती खूश झाली. तिने ठोका मारला, माझ्याकडे बघितलं, म्हणाली, “पोकळ.” दुसरा. माझ्याकडे बघितलं. “पोकळ.” तिसरा, चौथा. “पोकळ, सर. हेही.” म्हणजे उजवा कान बरोबर होता. म्हणजे पूल खरंच मेलाय आणि ती बाई उगाच रडत नव्हती. सुनेला डोंगराच्या वळशाने न्यायचं, रस्त्यात काही झालं तर रस्त्यात. पण निदान कळलं तरी. एवढ्यात खडूची धूळ डोळ्यांत गेली. मी डोळे मिटून चोळायला लागलो. ठोका ऐकू आला. ती गप्प. “काय?” मी विचारलं. गप्पच. “अगं, काय वाजलं?” “सर, जरा हात काढता का तोंडावरून?” “का?” “तुमची भुवई दिसत नाहीये.”

मी हात काढला नाही. हात तसाच ठेवून विचारलं, “माझी भुवई कशाला हवी तुला?” तिने आधी आढेवेढे घेतले, मग भडाभडा सांगून टाकलं. पोकळ लागलं की माझी डावी भुवई वर जाते. सगळ्यांना माहीत आहे. नवीन माणूस खात्यात आला की पहिल्याच दिवशी त्याला सांगतात, हातोडीकडे बघू नकोस, डॉक्टरांच्या भुवईकडे बघ. “आणि आज सर, सकाळपासून ती खाली आलेलीच नाही.” “मशिनवाले पण?” मी विचारलं. “ते तर आधी.” “आधी म्हणजे?” “त्यांनी मशीन जुळवलं ना, तेव्हा तुम्हाला शेजारी उभं केलं होतं.” मी परांचीवर खाली बसलो. मला वाटत होतं माझ्या मागे एक खातं आहे. मी चुकलो तर कुणी तरी पकडेल, मशीन पकडेल, ज्युनिअर पकडेल. म्हणून तर मी इतका बिनधास्त होतो. आणि ते सगळे माझ्या कपाळावरच्या केसांच्या एका पट्टीला लटकून होते. देशभर पसरलेले पूल, त्यांवरून जाणाऱ्या शाळेच्या गाड्या, अँब्युलन्स, दुधाचे कॅन, आणि खाली टेकू म्हणून माझी डावी भुवई. ती जर कधी झोपेच्या नादात वर गेली असेल, किंवा माशी बसल्यामुळे? एखाद्या पुलाखाली मला घरचं भांडण आठवलं असेल आणि तो पूल पाडला गेला असेल?

“हे बघ,” मी म्हटलं, “माझा उजवा कान गेलाय.” हे वाक्य मी पहिल्यांदाच मोठ्याने उच्चारलं, आणि तेही मला एकाच बाजूने ऐकू आलं. ती म्हणाली, “म्हणजे जीपमध्ये मी बोलले ते...” “काही नाही ऐकलं.” “सर, मी पंधरा दिवसांची रजा मागितली. तुम्ही चालेल म्हणालात.” “आता चालेल.” “आणि माझ्या कामाबद्दल तक्रार असेल तर तोंडावर सांगा म्हटलं, तर तुम्ही हं हं म्हणालात. मी रस्ताभर रडायच्या बेतात होते.” “तुझ्या कामाबद्दल तक्रार आहे,” मी म्हटलं, “तू काम कधी केलंच नाहीस. आत्ता सुरू कर.” मी तिच्याकडे पाठ फिरवली, ओढ्याकडे तोंड केलं आणि खिशातला रुमाल कपाळावर घट्ट बांधला. भुवईवरून. “मी काही बोलायच्या आधी तू बोलायचं. चुकलीस तरी चालेल, माझ्यासारखं बोललीस तर चालणार नाही.” ठोका पडला. “नाही कळत, सर.” “परत.” ठोका. “नाही हो कळत.” “साहेबांना भूक लागलीय,” खालून कुणी तरी ओरडलं. “परत मार. डोळे मीट.” ठोका. पाणी. ठोका. पुलावरून कुणी तरी जात होतं, काठावर लोकांचा आवाज वाढत होता, आणि मी पाठमोरा बसून माझ्या त्या घरगुती कानाला म्हणत होतो, बाबा रे, भाजी विसर, लाइट विसर, एवढं एक ऐक. किती ठोके पडले माहीत नाही. मग तिचा आवाज आला, निराळाच, हळू. “सर. हे सगळे एकसारखे आहेत. गोल वाजतात. म्हणजे, पूर्ण वाजतात.” “पुढे चल.” ती कमानीच्या अंगाने उतरत गेली, मी तिच्या मागे उलटा, पाठीने सरकत, परांचीच्या पाइपांवर आपटत. कधी आडवे, कधी सरळ ठोके मारत ती पलीकडच्या काठाला पोचली, कमान जिथे जमिनीत पाय रोवते तिथे. ठोका. ती थांबली. परत ठोका. “इथे नाही,” ती म्हणाली, “इथे संपतच नाही आवाज, गिळला जातो.” आणि त्याच वेळी माझ्या डाव्या कानाला, आयुष्यात पहिल्यांदा, काही तरी आवडलं नाही. मी म्हटलं, “गोल काढ.” दाराएवढा गोल झाला. बाकी अख्खा पूल भरीव होता. पायाला तेवढं दुखणं होतं.

खाली उतरलो तेव्हा रुमाल कपाळावर तसाच होता. साहेब उठून उभे राहिले. दूधवाली कॅन सोडून पुढे आली. “हो की नाही?” साहेब म्हणाले. “म्हातारा धडधाकट आहे,” मी म्हटलं, बाईकडे बघून, कारण विचारलं खरं तिनेच होतं. “एक पाय अधू आहे. हलकी वाहनं जाऊ द्या, जड वाहनं आजपासून बंद. पाय दुरुस्त करा, मग तो आपल्या सगळ्यांना पोचवेल.” “नक्की? तुम्ही नीट ऐकलंत ना?” इथे एक सोपं उत्तर होतं. जीभ ते द्यायला निघालीही होती. सगळे माझ्या कपाळाकडे बघत होते, सुरुंगवालेसुद्धा. “मी नाही,” मी म्हटलं, “हिने ऐकलं. माझा उजवा कान गेलाय, साहेब.” साहेब हसले. मग बघितलं की मी हसत नाहीये. मग आजूबाजूला कुणी ऐकलं का ते बघितलं. मला बाजूला घेऊन, नेमकं उजव्या बाजूने, ते बराच वेळ काही तरी समजावून सांगत राहिले. “साहेब, इकडून,” मी मान वळवली. “अहो, मी म्हटलं, हे बाहेर बोलू नका. खात्याकडे एकच कान आहे.” “आता नाहीये तो.” “मग तर अजिबातच बोलू नका.” दूधवाली मधे घुसली. “डॉक्टर, मग उद्या सुनेला रिक्षाने आणू ना पुलावरून?” “आणा.” “तुम्ही उभे राहाल पुलावर?” मी सुरुंगवाल्यांकडे बघितलं, ते सामान गुंडाळत होते. “राहीन.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कठड्याला टेकून उभा राहिलो. रिक्षा आली, आत सून, शेजारी दूधवाली तिचा हात धरून. रिक्षा कमानीच्या माथ्यावर आली तेव्हा माझा श्वास कुठे होता ते मला सांगता येणार नाही. मी तळवे कठड्यावर दाबून धरले होते आणि तळव्यांनीच ऐकत होतो. थरथर आली, वाढली, ओसरली. बाईने बाहेर हात काढून हलवला आणि काही तरी ओरडली. उजवीकडून ओरडली. मीही हात हलवला. संध्याकाळी कळलं, मुलगी झाली. तोवर मी शहरात कानाच्या डॉक्टरसमोर बसलो होतो. त्याने माझ्या डोक्याला लोखंडी चिमटा लावून वाजवला आणि विचारलं, कुठल्या बाजूला वाजतंय, आणि मी त्याच्या भुवईकडे बघत होतो.

तिथेच ज्युनिअरचा फोन आला. डाव्या कानाला लावला. खात्याने तत्परता दाखवून त्याच दुपारी, ‘जड वाहनांना बंदी’ असे दोन मोठे बोर्ड, त्यांचे लोखंडी खांब, पाया भरायला सिमेंट आणि खडी असं सगळं एका लॉरीत भरून पाठवलं होतं. पलीकडचा बोर्ड आधी लावायचं ठरलं, म्हणून लॉरी पुलावर गेली आणि मधोमध तिचा क्लच गेला. तिला ओढायला साहेबांनी क्रेन मागवली. क्रेनही सरळ पुलावर गेली, कारण बोर्ड दोन्ही अजून लॉरीतच होते.